फॉक्स मस्टँगची मागची बाजू: रस्ता आणि ड्रॅग दोन्हींसाठी काय घ्यावं, काय टाळावं

१९७९ ते १९९३ या काळातल्या फोर्डच्या 'फॉक्स' पिढीतल्या मस्टँगच्या व्ही-८ इंजिनातून ताकद काढणं फार अवघड नाही. पंचाईत होते ती ताकद जमिनीवर उतरवताना. त्यातही गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल आणि शनिवारी पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) उभी करायची असेल, तर मागच्या सस्पेन्शनचं 'कम्प्लीट किट' मागवून मोकळं होणं हा सगळ्यात महागडा आळस.

या गाडीला मागे अखंड ॲक्सल आणि त्याला धरणारे चार आर्म आहेत. खालचे दोन लांब, जवळजवळ सरळ पुढे जाणारे. वरचे दोन आखूड आणि तिरके. ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देण्याचं काम हेच तिरके आर्म करतात, म्हणून कंपनीने वेगळा पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) दिला नव्हता. जोरात पिकअप घेतला की डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं, वरचे आर्म ओढले जातात आणि खालचे दाबले जाऊन गाडीला पुढे ढकलतात.

आता खरी मेख. वळणावर बॉडी कलते तेव्हा तिरके आणि सरळ आर्म एकमेकांशी भांडतात. कारखान्याचे मऊ रबर बुश (आर्मच्या टोकातली कडी) ते भांडण स्वतःच्या अंगावर घेतात. वरच्या आर्मना दोन्ही टोकांना पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश घातले की सस्पेन्शन मध्येच अडकतं आणि ओल्या रस्त्यावर, वळणात गाडीची शेपटी अचानक सुटते. म्हणून वरच्या आर्मना ॲक्सलच्या कानात (आर्म जिथे ॲक्सलला बसतो तिथे) रबर बुशच राहू द्या, चेसिसच्या टोकाला स्फेरिकल जॉइंट (सगळ्या बाजूंना फिरणारा गोल सांधा) घ्या. आवाज थोडा वाढेल, पण तो चालवून घ्यावा. लांबी कमी-जास्त करता येणारे आर्मच घ्या, पुढे लागतात. खालचे आर्म मात्र कडकच हवेत: पत्र्याचे उघडे मूळ आर्म काढून बॉक्स केलेले किंवा जाड नळीचे, एका टोकाला पॉली आणि दुसऱ्या टोकाला स्फेरिकल. दोन्ही टोकांना उघडे रॉड एंड (नुसते धातूचे गोल सांधे) रस्त्यावर लवकर खुळखुळे होतात, त्यांच्या नादी लागू नका.

हे आर्म बसवण्याआधी गाडीखाली शिरून टॉर्क बॉक्स तपासा. आर्म जिथे बॉडीला बसतात ते हे पत्र्याचे खण, आणि त्यांचे स्पॉट वेल्ड सुटणं हा या गाडीचा जुना आजार. कडक आर्ममुळे झटका थेट पत्र्यात जातो. खालच्या खणांना प्लेट लावून वेल्डिंग मारणं आणि वरच्यांना मजबुतीचं किट बसवणं आधी, आर्म नंतर. उलट क्रमाने गेलात तर चांगला आर्म फाटलेल्या पत्र्यावर लटकलेला दिसेल.

लॉन्चला, म्हणजे उभी गाडी जोरात सुटताना, मागची बाजू बसेल की उचलली जाईल, हा भूमितीचा हिशोब घरी करता येतो. बाजूने पाहताना वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा पुढे वाढवा. त्या मिळतात तो बिंदू मागच्या ॲक्सलपासून किती पुढे आणि जमिनीपासून किती उंच ते मोजा. उंचीला अंतराने भागा, मग व्हीलबेस भागिले गुरुत्वमध्याची उंची याने गुणा. फॉक्सचा व्हीलबेस सुमारे १००.५ इंच. गुरुत्वमध्य २० इंचांवर धरला आणि बिंदू ४५ इंच पुढे, ९.५ इंच उंच असेल, तर उत्तर येतं साधारण १०६ टक्के. शंभराच्या वर गेलं की लॉन्चला मागची बाजू बसत नाही, उलट उचलली जाते आणि टायर जमिनीत दाबला जातो. फार वर नेलंत तर टायरला क्षणभर जोरदार दाब मिळतो आणि पुढच्याच क्षणी तो सुटतो. शिवाय ब्रेक मारल्यावर मागची चाकं थयथय नाचतात.

दिसायला छान म्हणून गाडी खाली बसवणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. छोट्या स्प्रिंग टाकल्या की खालच्या आर्मचं पुढचं टोक खाली जातं, तो बिंदूही खाली येतो आणि आकडा घसरतो. ॲक्सलकडचं टोक खाली नेणारे ब्रॅकेट त्यावर उपाय आहेत. मात्र फॉक्सची स्प्रिंग आर्मवरच बसते, त्यामुळे ब्रॅकेटनंतर गाडी आणखी खाली येते. उंची जुळवणारा स्क्रू असलेले आर्म म्हणूनच घ्यायचे.

उंची पक्की झाल्यावरच पिनियनचा (डिफरन्शियलच्या नाकातल्या, प्रोपेलर शाफ्ट जोडलेल्या गिअरचा) कोन. गाडी चाकांवर उभी असताना मोजा: प्रोपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा पिनियनचं नाक, बुशवाल्या गाडीत २ ते ३ अंश खाली. बुशचे बोल्टही गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळा. जॅकवर लटकत्या ॲक्सलला आवळलेलं रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं.

कॉइलओव्हरचा (शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेल्या जोडीचा) मोह आवरा. मागच्या शॉकअपचा वरचा माउंट गाडीचं वजन पेलायला बनवलेला नाही, मजबुती केल्याशिवाय तिथे स्प्रिंग टेकवू नये. पॅनहार्ड रॉड सरळ धावणाऱ्या गाडीला लागत नाही.

लॉन्चला प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे उजव्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो. स्वस्तातला उपाय म्हणजे मागच्या दोन्ही स्प्रिंगमध्ये एअर बॅग (हवेची पिशवी): सुरुवातीला उजवीकडे १० ते १५ पीएसआय, डावीकडे ५. ॲक्सल आणि चेसिस यांना जोडणारा ड्रॅगचा अँटी-रोल बार (गाडीचं एका बाजूला कलणं रोखणारा दांडा) याहून कितीतरी चांगला. त्याच्या लिंक ड्रायव्हर सीटवर बसलेला असतानाच जुळवायच्या.

पैसे उरले तर ते शॉकअपमध्ये घाला. दाबणं आणि ताणणं वेगवेगळं जुळवता येणारे डबल ॲडजस्टेबल घ्या. लॉन्चला टायर पकडून लगेच सुटत असेल तर ताणण्याची बाजू दोन क्लिक कडक करा; टायरला दाबच मिळत नसेल आणि तो जागीच फिरत असेल तर तीच बाजू मऊ. एका रनला एकच बदल. बायस-प्लाय स्लिकची (तिरक्या थरांच्या गुळगुळीत ड्रॅग टायरची) भिंत दुमडते, त्यामुळे तो जोरदार झटका पचवतो; ड्रॅग रेडियलला (ड्रॅगसाठीच्या रेडियल टायरला) हलका झटका आवडतो. हवा रेडियलमध्ये १५ ते १८ पीएसआयपासून सुरू करा, आणि घरी निघण्याआधी पुन्हा रस्त्याच्या दाबावर भरून घ्या.