एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसं

शुक्रवार, रात्री

म्हापशाच्या बाजारात आज जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, माहिती चित्रातून कशी मांडायची त्यावरचं, सगळे नकाशे, तक्ते, आलेख. कव्हर फाटलंय, शेवटची पानं ओल लागून फुगलीत, पण चित्रं शाबूत आहेत म्हणून घेतलंच आणि बसमध्ये चाळायला लागले तर एका पानावर जी अडकले ती अजून तिथेच आहे.

ते पान म्हणजे शार्ल मिनार या फ्रेंच माणसाचा 1869 चा नकाशा. नेपोलियनची 1812 ची रशियावरची स्वारी, सैन्य एका पट्ट्याने दाखवलंय, जितकी माणसं तितका पट्टा रुंद. नेमन नदी ओलांडली तेव्हा 4,22,000 सैनिक, म्हणून तिथे पट्टा केवढा तरी रुंद, मॉस्कोला पोचेपर्यंत उरले 1,00,000, आणि मग परतीचा काळा पट्टा बारीक बारीक होत शेवटी 10,000. बेरेझिना नदीपाशी तर 50,000 चे एकदम 28,000 होतात! खाली परतीच्या वाटेवर कुठे किती थंडी होती त्याची रेघ. मूळ नकाशात एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसं, मी फुटपट्टी घेऊन वहीत काढून बघितलं, जातानाचा पट्टा चार सेंटीमीटरहून जास्त, येतानाचा एक मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. आकडे नुसते वाचले असते ना तर मी सरळ पुढच्या ओळीवर गेले असते.

आणि हे काढलं तेव्हा मिनार 88 वर्षांचे होते, निवृत्त इंजिनियर, पुढच्याच वर्षी वारले. त्या वयात हाताने एवढं बारीक काम, मला फार भरून आलं वाचताना.

परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची 1858 ची चक्रंही आहेत, गोलाकार आलेख. क्रिमियाच्या युद्धात जखमांनी गेले ते लाल, टाळता येण्यासारख्या रोगांनी गेले ते निळे, आणि निळा रंग बघावा तिकडे पसरलेला. हॉस्पिटलं साफ ठेवा हे सरकारला पटवायला काढलेली चित्रं ती, शोभेची नव्हेत.

आमच्याकडे भूगोलाला पणजीच्या पावसाचा स्तंभालेख काढून घेतात, मुलं छान रंगवतात, नीटनेटकेपणाला मार्क मिळतात आणि विषय संपतो. जुलैचा खांब आभाळाला टेकलाय आणि फेब्रुवारीचा दिसतसुद्धा नाही, मग मे महिन्यात विहिरीचा तळ का दिसतो, हे त्या खांबांकडे बघून विचारायचं सोडून आपण रंग बाहेर गेला का तेच तपासतो. हे मला पटत नाही. सोमवारी नववीला आधी मिनारचा पट्टाच काढायला लावणार, फुटपट्टीने, खांब मग बघू. आलेखाचा कागद स्टेशनरीवाल्याकडे असला तर बरं, नाहीतर गणिताची चौकटीची वही चालेल.