ता. मिरज, जि. सांगली

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी मिरजेत येते आणि तिचं तोंड फिरतं. कोल्हापूरचा मार्ग स्टेशनात ज्या टोकानं शिरतो, त्याच टोकानं पुण्याचा मार्ग बाहेर पडतो. त्यामुळे इंजिन एका बाजूनं सोडायचं, दुसऱ्या बाजूला जोडायचं, कपलिंग अडकवायचं, ब्रेकच्या हवेचे पाइप जोडायचे, दाब भरला की ब्रेकची चाचणी घ्यायची आणि मगच सिग्नल मिळतो. तोवर फलाटावर चहाच्या दोन फेऱ्या होतात. नवखा प्रवासी गाडी सुटल्यावर दचकतो, कारण आतापर्यंत पुढे तोंड करून बसलेला तो आता पाठमोरा चाललेला असतो. कोल्हापूर ते मिरज जेमतेम पन्नास किलोमीटर आणि मिरजेपासून पुणे त्याच्या पाचपटीहून जास्त. म्हणून कोल्हापुरात बसतानाच पाठमोरी जागा धरावी. डब्यांचा क्रमही उलटतो. कोल्हापुरात इंजिनाला लागून असलेला डबा पुण्यात शेपटाला असतो. सामान जड असेल तर हे आधी ध्यानात ठेवलेलं बरं.

मिरज सुटली की दहा-पंधरा मिनिटांत सांगली. एवढ्या अंतरात ही दोन गावं दोनशे वर्षांहून जास्त काळ एकमेकींना मापत आली आहेत. या खेपेला चार दिवस तिथे होतो. त्यातले दीड दिवस नुसते रस्त्यात आणि उन्हात गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहावंसं वाटलं ते एका पाटीमुळे. सांगलीच्या ऐन पेठेत एका दुकानावर पत्ता होता: 'सांगली, ता. मिरज, जि. सांगली'. बाहेरच्याला ही रंगाऱ्याची चूक वाटेल. पण हा पत्ता बिनचूक आहे. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं आणि मिरज तालुका सांगली जिल्ह्यात. कोण कुणाच्या पोटात, हे कागदही एका दमात सांगत नाही. या दोन गावांचं नातं मला या ओळीइतकं नेमकं दुसरीकडे कुठेच लिहिलेलं दिसलं नाही.

थोरली मिरज. आदिलशाहीपासूनचं ठाणं, भुईकोट किल्ला, मीरासाहेबांचा दर्गा, पुढे पटवर्धनांची जहागीर. एकोणिसावं शतक उजाडता उजाडता पटवर्धनांच्या घरात काका-पुतण्यांची वाटणी झाली. काका गंगाधरराव मिरजेत राहिले आणि पुतणे चिंतामणराव कृष्णाकाठच्या लहानशा सांगलीत आले. त्यांनी तिथे किल्ला बांधला, गणपतीचं देऊळ उभारलं, पेठा वसवल्या. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच दरबारात. म्हणजे सांगलीचा जन्मच मुळी मिरजेपासून वेगळं होण्यातून झाला. सांगलीकर आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात ही वाटणी अजून ऐकू येते, असं माझं मत.

इंग्रजी अमलात पारडं पुन्हा मिरजेकडे झुकलं. मुख्य लोहमार्ग मिरजेवरून गेला, 1891 मध्ये कोल्हापूरची गाडीही तिथेच येऊन मिळाली आणि गाव जंक्शन झालं. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचं इस्पितळ काढलं. जंक्शन आणि इस्पितळ एकाच गावात असल्यामुळे विजापूर, बेळगाव, सोलापूरकडचा रुग्ण गाडीत बसून थेट दवाखान्याच्या दारात येऊ लागला. वैद्यकनगरी ही मिरजेची ओळख इथून सुरू होते. आजही स्टेशनबाहेर कन्नड मराठीइतकीच कानावर पडते.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि त्याचं ठाणं सांगलीला आलं, पुढे जिल्ह्याचं नावच सांगली झालं. कलेक्टर कचेरी, जिल्हा न्यायालय, मार्केट यार्ड, सहकारी साखर कारखाना हे सगळं सांगलीच्या वाट्याला आलं. कचेरी आली की वकील येतो, वकिलामागून टायपिस्ट, खाणावळ, लॉज, आणि मग शिकायला आलेली मुलं. रेल्वे माणसं आणते, पण बहुतेकांना पुढच्या गाडीत बसवून देते. कचेरी तारीख देते आणि पुन्हा पुन्हा बोलावते. सांगली वेगानं का वाढली, याचं उत्तर मला यात दिसतं.

वाढली ती कुठल्या दिशेनं, हे पाहायचं तर सांगलीच्या गणपतीपासून मिरजेपर्यंत एकदा शहर बसनं किंवा वडापनं, म्हणजे शेअर गाडीनं, जावं, तेही दिवसा आणि डाव्या-उजव्या बाजूला नीट बघत. सांगलीच्या पश्चिमेला कृष्णा आडवी आहे. तिकडे शहराला सलग पसरता येत नाही आणि काठाची जमीन पुराची. म्हणून सांगली पूर्वेला सरकली, म्हणजेच मिरजेकडे. विश्रामबागेत 1919 मध्ये विलिंग्डन कॉलेज आलं, 1947 मध्ये पुढे वालचंद नावानं प्रसिद्ध झालेलं अभियांत्रिकी कॉलेज. त्यापुढे वानलेसवाडी, जिथे मिरजेच्या त्याच डॉक्टरांनी क्षयरोग्यांसाठी गावाबाहेरची मोकळी हवा शोधली होती. आज तिथे मोकळं असं काही उरलेलं नाही. शोरूम, क्लासेस, दवाखाने, मंगल कार्यालयं, पुन्हा दवाखाने. सांगली कुठे संपली आणि मिरज कुठे लागली, हे दुकानांच्या पाट्यांवरचे पत्ते वाचल्याशिवाय कळत नाही. सात-आठ किलोमीटरचा हा रस्ता संध्याकाळी सहानंतर टाळावा. दोन्ही गावांची शाळा, कोर्ट, दवाखाना सुटायची वेळ एकच असते.

1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. मुख्यालय सांगलीत. मिरजेत चहाच्या गाड्यावर कुणाशीही बोला, पहिल्या पाच मिनिटांत 'निधी तिकडं, खड्डे इकडं' हे ऐकू येतं. सांगलीत बोला, तर 'मिरजेला काय कमी हाय, सगळ्या गाड्या तिकडंच थांबत्यात' हे ऐकू येतं. मला दोन्ही तक्रारी खऱ्या वाटतात. एका गावाकडे सही-शिक्का आहे, दुसऱ्याकडे रूळ आहेत, आणि दोघांनाही समोरच्याच्या हातातलं हवं आहे.

मिरजेत मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो सतारमेकर गल्लीत. शिकलगार मंडळी मुळात शस्त्रांना धार लावणारी. तलवारींचं काम संपत आलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर इथेच शिकले. गाणारे कान शेजारी असल्यावर तंबोरा चुकीचा बोलून चालत नाही.

तंबोऱ्याचा भोपळा मात्र मिरजेचा नसतो. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू जात, खायच्या कामाची नाही. वेलावर पुरता पिकलेला आणि खडखडीत वाळलेलाच घ्यायचा. कोवळा काढला तर साल पातळ राहते आणि वर्षा-दोन वर्षांत कीड पोखरते. पुरुषांच्या तंबोऱ्याला घेर 50 इंचांच्या वर लागतो, बायकांच्या वरच्या पट्टीच्या तंबोऱ्याला त्याहून कमी. भोपळा पाण्यात भिजवून नरम करतात, तोंड कापतात, बिया आणि गर खरवडतात आणि आत काटक्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात, म्हणजे तोंड हवं तेवढं रुंद राहतं. ताण देताना घाई केली की उभी चीर जाते, आणि तो भोपळा गेलाच.

मग लाकूड. तूण वापरतात, हलकं आणि नाद धरणारं. ते पुरतं मुरलेलं नसेल तर दांडी पुढे वाकते किंवा सांध्यात फट पडते. भोपळ्याला गळा, गळ्याला दांडी, तोंडावर तबली. तबली जाड राहिली तर आवाज दबतो, फार पातळ केली तर तारांच्या ताणानं ती घोडीखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, बसते. नक्षी आणि लाखेचं पॉलिश हे डोळ्यांचं काम. गिऱ्हाईक भुलतं ते तिथेच. मी तर म्हणेन, तंबोरा घ्यायला गेलात तर पहिली दहा मिनिटं डोळे मिटून बसा.

कारण खरं काम घोडीवर होतं. तारा जिच्यावरून जातात ती पट्टी वरून सपाट दिसते, पण तिला पुढच्या बाजूला इतका हलका उतार असतो की बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. मी बसलो होतो तिथे कारागीर कानशीचे दोन हात मारायचा, तार चढवायचा, छेडायचा, उतरवायचा, पुन्हा दोन हात. चार तारांपैकी पंचमाची आणि जोडाची पोलादी, खर्जाची पितळी, आणि प्रत्येकीची वागणूक वेगळी. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला. दोरा जागेवर नव्हता तोवर आवाज कोरडा होता, ठण्ण करून विझणारा. त्यानं तो नखानं गव्हाभर पुढे ढकलला आणि तीच तार एकदम गुंजायला लागली. षड्जातून वरचे स्वर एकामागून एक उलगडत गेले आणि कितीतरी वेळ खोलीत राहिले. गल्लीतून स्कूटर गेली तरी ते ऐकू येत होते. याला जवारी काढणं म्हणतात. हा कान कुठल्या मोजपट्टीत बसत नाही, तो हाताखाली बसून कमवावा लागतो. पोरं आता त्यासाठी किती वर्षं थांबतील, याची मला काळजी वाटते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव जपलं गेलं हे चांगलंच, पण घोडी घासणारा हात मानांकनानं तयार होत नाही.

तंबोरा गाडीतून न्यायचा असेल तर तारा दोन-तीन स्वरांनी उतरवा, दोरे काढून पाकिटात ठेवा, तबली वर करून गादीवर आडवा ठेवा. कोपऱ्यात उभा ठेवलेला तंबोरा मिरज स्टेशनात इंजिन जोडतानाच्या एका धक्क्यानं घसरतो आणि भोपळ्याला तडा जातो.

सांगलीची हळदही तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी बरीचशी परगावची. मार्केट यार्डात उतरणाऱ्या पोत्यांत कर्नाटकाचा माल भरपूर असतो. सांगली ती तपासते, प्रतवारी करते, भाव लावते आणि पुढे पाठवते. 2018 मध्ये मानांकन मिळालं तेही सांगलीच्याच नावानं. सौद्यात व्यापारी हळकुंड उचलतो आणि कानाजवळ मोडतो. कटकन मोडलं तर वाळलेलं, वाकून तुटलं तर ओल आहे, भाव खाली. आतला रंग त्यानंतर बघायचा. मिरजेच्या गल्लीतून इथे आल्यावर हे पाहून बरं वाटलं. दोन्ही गावांचा धंदा कानावर चालतो.

हळद साठवायची जागा म्हणजे हरिपूरची पेवं. सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर कृष्णा-वारणेचा संगम, त्याच्या अलीकडे. तिथल्या घट्ट, पाणी न झिरपणाऱ्या मातीत अरुंद तोंडाचा खोल खड्डा, आत पाचटाचा थर, मग हळद, आणि तोंड मातीनं बंद. हवा नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. आत कंदील सोडून बघायचं, विझला तर थांबायचं. 2005 च्या पुरात संगमाचं पाणी चढलं आणि पेवांत भरलं. जी माती वरून पाणी आत येऊ देत नव्हती, तिनं आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ दिलं नाही. त्यानंतर बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. आता पेवं पाहायला म्हणून जाल तर मातीनं बुजलेली तोंडं दाखवतील.

पूर आला की मात्र या दोन गावांतली तुलना थांबते. सांगलीच्या आयर्विन पुलाला, 1929 चा हा पूल, पाण्याची पातळी मोजायची फूटपट्टी रंगवलेली आहे. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, सांगलीच्या पेठा बुडाल्या आणि उंचावरच्या मिरजेत माणसं, गुरं, पेशंट येत राहिले. त्याआधी 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर कोरडं पडलं होतं, तेव्हा कृष्णेचं पाणी मिरजेच्या यार्डात रेल्वेच्या टाक्यांत भरून तिकडे गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत अदमासे 50 हजार लिटर. नदी सांगलीला जेवढी जवळची, तेवढेच रूळ मिरजेला.

परतीची गाडी मिरजेहून होती. आदल्या रात्री वर घाटात जोराचा पाऊस झाला होता. फलाटावर हमालांपासून नर्सिंगच्या मुलींपर्यंत सगळ्यांचे फोन चालू होते आणि मिरजेच्या त्या फलाटावर प्रत्येक जण एकच विचारत होता, 'आयर्विनला किती?'