तुम्ही विचारलंत म्हणून: झटक्यानंतर नायट्रिक ऑक्साईडची पावडर द्यायची का?

गिरगावात आमचं मेडिकल आहे. हल्ली काउंटरवर एक प्रश्न फार येतो. "काका, बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. नायट्रिक ऑक्साईड वाढवणारी ही पावडर दिली तर चालेल का? आणि सोबत एखादी अँटिऑक्सिडंटची गोळी?" विचारणारा बहुधा जिमला जाणारा मुलगा असतो आणि पावडरचा डबा त्याच्या घरात आधीच उघडलेला असतो. दोन्ही वस्तू माझ्याकडे आहेत, विकल्या तर गल्ल्यातच पडणार. तरी मी नको म्हणतो. गर्दीत कारण सांगायला वेळ नसतो, ते इथे सांगतो.

नायट्रिक ऑक्साईड रक्तवाहिन्यांना चांगला, हे मुलगा वाचतो ते खोटं नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात हा वायू सतत तयार होतो, काही सेकंद टिकतो आणि तेवढ्यात वाहिनी सैल करून जातो. अस्तरातून असं काहीतरी सुटतं हे अमेरिकी संशोधक रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये दाखवलं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साईड, हे 1987 मध्ये पक्कं झालं आणि 1998 मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. ज्याच्या नावाचं ते पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेलने पैसा केला तो नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटकांवर. म्हातारपणी छातीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी त्याला तेच नायट्रोग्लिसरिन औषध म्हणून लिहून दिलं. शरीरात त्यापासून हाच वायू सुटतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि 1896 च्या डिसेंबरात तो गेला, तो मेंदूतल्या रक्तस्रावाने.

तर वाहिनीत हा वायू भला. पण तो मेंदूच्या पेशीतही तयार होतो, आणि घोळ तिथे आहे. गुठळी अडकून रक्त थांबलं की पेशीत कॅल्शियम घुसतं, तिथलं हा वायू बनवणारं एन्झाइम भडकतं आणि वायू नको तितका बनतो. त्याच वेळी, विशेषतः रक्त परत सुरू होताना, सुपरऑक्साईड नावाचा फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी भिडून पेशींना इजा करणारा कण, उसळतो. एरवी त्याला आवरणारं एन्झाइम शरीरात आहे, पण नायट्रिक ऑक्साईड त्या एन्झाइमच्याही आधी सुपरऑक्साईडला गाठतो. दोघांचं मिळून पेरॉक्सिनायट्राइट होतं. ते पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, काहीच सोडत नाही.

बॉस्टनमधल्या संशोधकांनी उंदरांवर हे फार सुरेख दाखवलंय. मेंदूपेशीतलं एन्झाइम बनवणारा जीन काढून टाकला, तर झटक्यात मेंदूचा कमी भाग मेला (1994). रक्तवाहिनीतल्या एन्झाइमचा जीन काढला, तर जास्त मेला (1996). वायू एकच! मग डब्यातली पावडर तो नेमका कुठे वाढवणार, हे ती ठरवू शकते का? त्या पावडरीत बहुतेक वेळा एल-आर्जिनिन असतं, म्हणजे वायूचा कच्चा माल. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना ते देऊन अमेरिकेत पाहिलं. आर्जिनिनवाल्या गटात सहा मृत्यू, दुसऱ्या गटात एकही नाही. प्रयोग मध्येच थांबवला आणि निष्कर्ष 2006 मध्ये छापला.

मग अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल टिपणारी औषधं? इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण कल्पना चोख होती. एनएक्सवाय-059 नावाचं औषध प्राण्यांत चाललं, माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीतही थोडं चाललं. तीन हजारांवर रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत, 2007 मध्ये, काहीच हाती लागलं नाही. प्रयोगशाळेत उंदराला झटका आपणच देतो, औषध भरून तयार असतं. माणूस पहाटे संडासात पडतो आणि घरच्यांना सात वाजता कळतं. त्याच कामाचं एडारावोन मात्र जपानने 2001 मध्ये मान्य केलं, आपल्याकडेही त्याचं इंजेक्शन मिळतं. ते शिरेतून, पहिल्या दिवसांत, डॉक्टरांच्या हिशेबाने. माझ्या काउंटरवरची व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल म्हणजे ते नव्हे. उलट व्हिटॅमिन ई च्या चाचण्या एकत्र केल्यावर गुठळीचे झटके किंचित कमी आणि रक्तस्रावाचे जास्त दिसले.

सर्वांत भीती वाटते ती सॉर्बिट्रेटच्या गोळीची. आपल्या घरांत ती देवघराजवळच्या डब्यात असतेच. तोंड वाकडं झालं, हात पडला, की कुणीतरी ती जिभेखाली ठेवतं. ती हृदयाच्या दुखण्यासाठी आहे. तिच्यातूनही नायट्रिक ऑक्साईडच सुटतो आणि बीपी उतरतं, नेमकं मेंदूला रक्ताचा दाब हवा असतो तेव्हा. त्याच जातीच्या औषधाचा पॅच ब्रिटनमध्ये अँब्युलन्समध्येच लावून पाहिला. 2019 च्या निष्कर्षात फायदा नव्हता, आणि रक्तस्राव झालेल्यांची स्थिती उलट बिघडलेली दिसली. डिस्प्रिनही नको, ती रक्त पातळ करते. गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. 108 लावा, स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि गिरगावातून परळच्या हॉस्पिटलात जायला संध्याकाळी किती वेळ लागतो, ते तुम्हाला सांगायला नको.

झटका जुना असेल, तर मी मुलाकडे बाबांची चिठ्ठी मागतो. बीपीची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी आणि बहुधा एक स्टॅटिन. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. रक्तवाहिनीच्या अस्तरातलं ते भलं एन्झाइमही त्याने वाढतं, हे उंदरांत 1998 मध्येच दिसलंय. म्हणजे पावडरीकडून मुलाला जे हवंय, त्यातलं थोडं चिठ्ठीतच लिहिलेलं असतं. पण "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं" म्हणून पहिली बंद होते ती हीच गोळी. "किती दिवस झाले बंद करून?" असं विचारलं की मुलगा काउंटरवरूनच आईला फोन लावतो.