तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रहण कुठलं आणि स्पंदन कुठलं, कळतं कसं?

कुणालाही माझ्याकडचा लाइट कर्व्ह, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो त्याचा आलेख, दाखवला की हा प्रश्न येतोच. तारा स्वतःच फुगतोय-आकसतोय, वर त्याच्यापुढून जोडीदारही जातोय, मग प्रकाश कमी झाला तो नक्की कशामुळे? आणि एवढा गुंता असलेला ताराच कशाला धरायचा, साधा नाही का मिळत?

गुंता आहे म्हणूनच धरायचा, पण ते नंतर.

आधी वेगळं कसं करतात ते. शर्मिष्ठा तारकासमूहातला आरझेड कॅस हा जोडतारा घ्या. ही जोडी साधारण २८ तास ४१ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, ग्रहण लागलं की प्रत (तेजाचं माप, आकडा वाढला की तारा मंद) ६.२ वरून ७.७ वर घसरते म्हणजे प्रकाश जेमतेम पाव उरतो, कर्व्हवर मोठ्ठा खड्डा दिसतो. आता ग्रहणाबाहेरच्या भागावर झूम करा, तिथे बारीक लाटा दिसतील, दर २२ मिनिटांनी एक, उंची टक्का-दीड टक्का. एक गोष्ट तासांची, दुसरी मिनिटांची, त्यामुळे जोडीचं मॉडेल बसवायचं, ते वजा करायचं, उरतं ते स्पंदन. बोलायला सोपंय हो, मॉडेल जरा कच्चं राहिलं की फ्रिक्वेन्सीच्या आलेखात कक्षेच्या फ्रिक्वेन्सीच्या बरोब्बर पटीत खोटी शिखरं उभी राहतात, म्हणून तसं शिखर दिसलं की मी आधी संशयच घेतो. (अर्थात प्रत्येक वेळी ते खोटं नसतं, केओआय-५४ नावाच्या जोडीत ९० आणि ९१ पटीतली स्पंदनं खरी निघाली, एकमेकांच्या ओढीने उठलेली. पण त्या जोडीत ग्रहणं होत नाहीत.)

मला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे ग्रहण चालू असताना त्या लाटांचं काय होतं. झाकला जाणारा तारा धडधडणारा असेल तर लाटा बदलतात, म्हणजे दोघांपैकी कोण धडधडतंय याचा पुरावा तिथेच मिळतो. बरं, नेहमी त्या लहानच होतात असंही नाही! काही स्पंदनांत ताऱ्याचा एक भाग उजळतो तेव्हा दुसरा मंदावतो, लांबून बघताना दोन्ही एकमेकांना खातात आणि आपल्याला फारसं काही दिसत नाही, जोडीदाराने त्यातली एक बाजू झाकली की हिशोब बिघडतो आणि दबलेली लाट वर येते.

आता गुंता कशाला हवा. ग्रहणं आणि वर्णपटातून मिळणारा वेग एकत्र केला की दोघांचं वस्तुमान आणि त्रिज्या सरळ भूमितीने निघते, ताऱ्याच्या पोटात काय चाललंय याची थिअरी लागत नाही. स्पंदन मात्र पोटातलंच सांगतं, भांड्यावर टिचकी मारून आत किती भरलंय ते ओळखावं तसं. एकाच ताऱ्यात दोन्ही मिळालं की थिअरीला पळवाट नाही. सेफीड, म्हणजे ठरावीक दिवसांनी फुगणारे-आकसणारे मोठे तारे, त्यांचं वस्तुमान दोन थिअरींनी (एक स्पंदनाची, दुसरी तारा कसा वाढतो त्याची) काढलं तर १०-२० टक्के फरक यायचा आणि हे भांडण कित्येक दशकं चाललं. मग मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत ग्रहणं होणाऱ्या जोडीतला सेफीड सापडला, त्याचं स्पंदन ३.८ दिवसांचं आणि कक्षा ३१० दिवसांची, आणि २०१० मध्ये त्याचं वस्तुमान एका टक्क्याच्या अचूकतेने मोजलं गेलं, सूर्याच्या ४.१४ पट. स्पंदनाची थिअरी बरोबर ठरली.

हे दोन्ही धागे सुरू होतात एकाच पोराकडून, जॉन गुडरिक. त्याने १७८३ मध्ये ययातीतल्या अल्गोलचा कालावधी मांडला आणि ग्रहणाची कल्पना सुचवली, पुढच्याच वर्षी डेल्टा सेफीचा बदल टिपला, ज्याच्यावरून सेफीड हे नाव पडलं तो तारा. ऐकू येत नव्हतं त्याला, आणि २१व्या वर्षी गेलासुद्धा.

उलटा किस्साही आहे. आरआर लायरी (स्पंदन पावणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्यांची एक जात) जातीचा वाटणारा एक तारा ग्रहणं होणाऱ्या जोडीत मिळाला, स्पंदन अगदी त्या जातीला शोभेल असं. २०१२ मध्ये वस्तुमान मोजलं तर सूर्याच्या फक्त ०.२६ पट, खऱ्या आरआर लायरीच्या निम्मंही नाही. जोडीदाराला आपलं बरंचसं द्रव्य देऊन बसलेला, दुसऱ्याच वाटेने आलेला तारा होता तो, नुसती धडधड बघून कुणाला पत्ताही लागला नसता.