घरच्याच पराटीला अळी कशी लागली?

लग्नात, दहाव्याला, एसटीत, कुठेही भेटा, तुमचा प्रश्न ठरलेला. "कीटकशास्त्रात एमएस्सी ना तू? मग 2017 साली बापाच्याच पराटीला बोंडअळी कशी काय?" वर बाजूच्याकडे बघून हसता. इतकी वर्षं मीही हसण्यावारी नेलं.

आधी माझी बाजू. अळी काय फक्त आमच्याच कपाशीवर होती? उभ्या पिकात रोटावेटर तुम्हीही फिरवलात. 2006 साली बीजी-टू, म्हणजे बोंडअळीला मारणारं बीटी कपाशीचं नवं बियाणं आलं, पुढे गुलाबी अळी त्यालाही सरावली. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची 120 ग्रॅमची पुडी यायची. ती वावराच्या कडेने पेरायची, म्हणजे तिच्यावर अळीचे न सरावलेले पतंग जगतात, सरावलेल्यांशी जुळतात आणि पुढची पिढी बीटीला लवकर सरावत नाही. कोणी पेरली? आमची तर फडताळात पडून असायची.

हे मी झोपेतही सांगेन. पण तुम्ही विचारता ते हे नाही, ते मलाही कळतं.

दसरा झाल्यावर बाबांचा फोन आला. मी अकोल्याला, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. बोंडं फोडून अळ्या मोजायच्या, हाच माझा प्रबंध.

"फुलं उमलूनच नाही राह्यले व बाई. फवारा मारू का?"

त्याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावत होती. आमचं गाव त्याच जिल्ह्यातलं, आणि बाबा तोंडाला नुसता दुपट्टा बांधून पंप पाठीवर घेणारे. म्हटलं, थांबा. मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग, नाहीतर शंभरात दहा फुलं-बोंडं किडकी, तोवर फवारा नाही. आकडा बरोबर होता. पण बाबांकडे सापळा नव्हता, आणि "शंभर फुलं मोजून सांगा" एवढंही मी म्हटलं नाही. न उमललेलं फूल म्हणजे डोमकळी, म्हणजे आत अळी. परीक्षेत त्यावर मी पान भरून लिहिलं होतं.

दिवाळीला घरी गेले. बाबांनी वीस हिरवी बोंडं तोडून आणली आणि ओसरीवर परातीत ओतली. वरून एकालाही डाग नाही. अळी आत शिरली की भोक बुजून जातं. मी विळ्याने एकेक फोडत गेले. लहान अळी पांढरी असते, वाढली की गुलाबी होते. परातीत दोन्ही वळवळत होत्या. रुई पिवळी पडून सरकीला चिकटलेली. सवयीने मी पुटपुटत मोजत होते. तेरा.

"मोज, मोज," बाबा म्हणाले. "तुह्या वहीत लिहून ठेव."

आई आत निघून गेली.

तेव्हा फवारलं असतं तर? बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण ती शिरायच्या आधीचे काही दिवस हातात होते की नव्हते? एकदा वाटतं होते, एकदा वाटतं तो फोन आला तेव्हाच उशीर झाला होता.

आणि एक, जे मी कधी बोलले नाही. त्याच्या आदल्या हंगामात बाबांनी मार्चपर्यंत फरदड ठेवली होती, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी न उपटता आणखी वेचणीसाठी उभी ठेवली होती. पीक लांबलं की अळीला खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामात उतरते. हे मला तेव्हा माहीत होतं, वर्गात शिकून झालं होतं. पण फरदडीच्या त्या कापसावर माझं हॉस्टेल आणि मेसचं बिल भागलं. मी पैसे घेतले आणि गप्प राहिले.

आता बाबा सापळे लावतात. सकाळी फोनवर पतंगांचा आकडा सांगतात, मी लिहून घेते. परवा आकडा सांगून झाल्यावर म्हणाले, धाकट्याची फी भरायची आहे, यंदा दोन एकर फरदड ठेवू म्हणतो.

मी अजून काही बोललेले नाही.