हायवेचं बिल कोण भरतं?

मुंबईतल्या पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या खड्ड्याची तक्रार कोणाकडे करायची, याचं उत्तर आजवर दोनदा बदललंय. रस्ता मुळात सार्वजनिक बांधकाम विभागाचा, मग तो एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) गेला आणि २०२२ च्या अखेरीस पूर्व व पश्चिम हे दोन्ही द्रुतगती मार्ग महापालिकेकडे आले. रस्ता आला म्हणजे त्यासोबत पैसाही आला, असं मात्र नसतं.

या यंत्रणांच्या तिजोऱ्या वेगळ्या आहेत. एमएमआरडीए वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्यानं देते आणि कर्ज काढते. एमएसआरडीसीनं, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळानं, नव्वदच्या दशकातले उड्डाणपूल टोलच्या भरवशावर बांधले, वसुली वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडच्या दोन नाक्यांवर. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून तिथे हलक्या वाहनांना टोल माफ झाला. माफी जाहीर करणं सोपं, पण ती तूट शेवटी सरकारलाच निस्तरावी लागते. पालिकेकडे मालमत्ता कर, विकास शुल्क आणि जकातीची भरपाई. जकात १ जुलै २०१७ ला गेली. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के वाढीनं राज्य ती रक्कम देतं. सागरी किनारा मार्गाच्या दक्षिण टप्प्याचा खर्च पालिकेनं स्वतःच्या खिशातून केला, तो या बळावर.

खरी गंमत एकाच कामात दोन यंत्रणा असतात तेव्हा. रेल्वेवरच्या पुलात रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीत, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते पालिकेचे. आराखडे वेगळे, निविदाही बहुधा वेगळ्या. अंधेरीच्या गोखले पुलावर हे सगळ्यांनी पाहिलं: रेल्वेच्या नियमानुसार रुळांवरची उंची वाढली, आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी दीड मीटरच्या आसपास फरक पडला. मग जॅक लावून जुना बर्फीवाला पूल उचलावा लागला.

दुसऱ्याच्या हद्दीतलं काम ‘डिपॉझिट वर्क’ म्हणून होतं: अंदाजपत्रक मागवायचं, रक्कम आधी भरायची, मग ती दुसरी यंत्रणा काम काढणार. पैसे भरेपर्यंत दरसूची बदलली तर अंदाजपत्रक सुधारायचं, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यायची. फाईल इथेच आडवी होते. त्यात सेवावाहिन्या. जलवाहिनी, वीज केबल, गॅस, टेलिफोन डक्ट, प्रत्येकाचा मालक निराळा. चाचणी खड्डे न घेता कार्यादेश दिला, तर नकाशात नसलेली जलवाहिनी खोदकामातच सापडते आणि ठेकेदार वाढीव कामाचं बिल लावतो.

जमिनीचा हिशेब तर रोख रकमेत दिसतच नाही. रस्तारेषेतली जागा देणाऱ्याला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, देता येते, म्हणून अर्थसंकल्पात रुंदीकरण स्वस्त वाटतं. झोपडीधारकांसाठी पर्यायी घरं लागतात तेव्हा हाच आकडा फुगतो.

हस्तांतरणाची संयुक्त पाहणीही नीट वाचावी. डांबर सगळेच मोजतात. पावसाळी गटारं, मोऱ्या, पथदिव्यांचे मीटर, उड्डाणपुलांचे बेअरिंग आणि एक्स्पान्शन जॉइंट यादीत आहेत का ते पाहा. दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं दोष स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत) किती उरलाय, त्याची अनामत कोणाकडे अडकली आहे, आणि जाहिरात फलकांचं भाडं ताबा देणारा सोडतोय का, हे त्याच कागदावर लिहून घ्यावं. सही झाल्यावर विचारलं, तर उत्तर एका ओळीचं येतं: ‘विषय आपल्या अखत्यारीतील आहे.’