चाळीसगावहून डोंगर, कन्नडहून शेत

सप्टेंबरच्या शेवटी चाळीसगावला पहाटे उतरलो. उजाडल्यावर दक्षिणेला काळपट भिंत दिसली, वरची कड पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. अजिंठ्याची रांग. दोन दिवसांनी कन्नडहून परत येताना हीच रांग शोधत होतो, तर दोन्हीकडे नुसती कपाशी आणि मका. बांधावरच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "डोंगर? तो खाली हाय ना!"

काकांचं भूगोलाच्या पुस्तकापेक्षा बरोबर आहे. शाळेत आपण सह्याद्रीचे तीन फाटे पाठ केले: सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभू महादेव. त्यामुळे डोंगर म्हणजे दोन्हीकडून चढायची वस्तू असं डोक्यात बसतं. नाशिककडच्या सातमाळ्यात ते खरंही आहे. धोडप, मार्कंड्या कुठूनही पाहा, सुटे उभे असतात. मनमाडच्या पूर्वेला मात्र रांगेचा स्वभाव बदलतो. इथे डोंगर असा वर आलेलाच नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून पठार झालं, आणि उत्तरेकडून तापीच्या उपनद्यांनी ते कुरतडत आणलं. उरली ती कड. चाळीसगाव साडेतीनशे मीटरच्या आसपास, कन्नड सहाशेच्या पुढे.

मग याला पर्वत म्हणायचं का? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या वर्गवारीत 300 ते 1000 मीटर उंचीची जमीन पर्वतात धरायची, तर सात किलोमीटरच्या परिसरात 300 मीटरचा चढउतार लागतो. म्हणजे कडा पुरेसा उंच आणि जवळ असेल, तर माथ्यावरचं सपाट कपाशीचं शेतही पर्वतात जमा! काकांना हे सांगायची हिंमत झाली नाही.

पहिला दिवस पायथ्याला, पाटणादेवीला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं इथे मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख इथलाच. कडा उत्तरेला तोंड करून असल्यानं हिवाळ्यात ऊन उशिरा येतं, तेव्हा फोटोची घाई करू नका. धबधबे हवेत तर सप्टेंबर संपायच्या आत या. आम्हाला जेमतेम धार मिळाली.

दुसरा दिवस पितळखोऱ्याला, आणि वेळ कमी असेल तर फक्त हेच करा. कन्नडकडून येताना घाटाच्या अलीकडे डावीकडे फाटा आहे. सपाट रानातून चालत असता पायाखालची जमीनच संपते आणि पायऱ्या घळीत उतरतात. लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातली, पैठणच्या दात्यांचे लेख असलेली. पण मी निम्मा वेळ मूर्ती सोडून खडकच बघत बसलो. घट्ट काळ्या थराखाली भुसभुशीत, बारीक पोकळ्यांचा थर. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते. (कोरीव कामावर नका फिरवू, बाहेरच्या कातळावर फिरवा.) कितीतरी दर्शनी भाग ढासळलाय तो याच कच्च्या दगडापायी. कडा मागे सरकतो तो असाच: मऊ थर आतून झिजतो, वरचा टणक थर आधार सुटून कोसळतो.

ओढ्याच्या दगडांवर शेवाळ होतं, मी सपशेल आपटलो. तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घाला. पाणी वरूनच भरून न्या, खाली काही मिळत नाही. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं सोडत नाहीत. सगळा भाग गौताळा अभयारण्याचा, त्यामुळे अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

कन्नड घाट, म्हणजे औट्रम घाट, भर पावसात टाळलेला बरा. 2021 च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून तो बंद पडला होता. कोरड्या दिवशी मात्र माथ्यावर पाच मिनिटं थांबाच. दक्षिणेकडे पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो, उत्तरेकडचा गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला. आम्ही थांबलो तेव्हा बारीक भुरभुर होती, आणि रस्त्यावरचं पाणी कुठे वळतंय ते मी चहा गार होईपर्यंत बघत होतो.